दरबारी, आणि तोही बासरीवर!

पन्नालाल घोष यांनी बासरीवर वाजवलेला दरबारी कानडा तुम्ही ऐकलाय का? नसेल, तर हा लेख इथेच उघडा ठेवा आणि आधी तो ऐका. जुनी ध्वनिमुद्रणं आता मोबाइलवर चुटकीसरशी सापडतात. घरात, गाडीत, फोनवर, भेटेल त्याला मी सध्या हेच सांगत सुटले आहे आणि सांगून दमत नाही.

दरबारी म्हणजे काय प्रकरण आहे ते गाणं ऐकणाऱ्या मराठी घरात वेगळं सांगायला नको. मध्यरात्रीचा राग. परंपरा त्याचा मान तानसेनाला देते. अमीर खाँसाहेब तो ज्या संथपणे गायले, तीच त्याची खरी चाल वाटते. वाद्यांत म्हणाल तर बीन, सूरबहार, सरोद. ज्यांच्या तारेला वजन आहे अशी वाद्यं त्याच्या वाटेला जातात. आणि बासरी? बासरी म्हटलं की पहाट, गोकुळ, पहाडी धून, सिनेमात डोंगर दिसला रे दिसला की वाजणारा तो लाडिक तुकडा. हरिप्रसादजींच्या मैफिलींनी या वाद्याला केवढ्या उंचीवर नेलं हे आपले कान जाणतात. पण त्यांच्या आधी, ही वाट मुळात होती की नाही इथपासून सुरुवात करणारा एक माणूस होऊन गेला, त्याचं नाव मी पुसटसं ऐकलं होतं आणि त्याचा सूर कधीच ऐकला नव्हता. आता तो ऐकला आणि दुसरं काही ऐकावंसं वाटेना!

सुरुवातीचा सूर इतका खालून येतो की हे वाद्य कुठलं हेच क्षणभर कळत नाही. त्यात फुंकेचा फुसफुसाट नाही, शिट्टीचा टोकदारपणा नाही. भरदार, गोल, छातीतून निघाल्यासारखा घुमारा. षड्जावर तो किती वेळ थांबतो! कुठे जायची घाई नाही. मग गंधार. दरबारीचा गंधार सरळ लावून मोकळं होता येत नाही, मध्यमाला स्पर्श करून तो झुलत झुलत रिषभाकडे यावा लागतो, आणि झुलण्याचा वेग जरा चुकला की राग हातातून गेला. गवयांची अख्खी उमर त्या एका सुरात जाते. तो सूर इथे बांबूच्या नळीतून येतो आहे, तसाच झुलत, तसाच जड पावलांनी. मी बसल्या जागी ‘अरे!’ म्हणून ओरडले.

हे करायला किती अवघड आहे ते समजून घेतलं तेव्हा आश्चर्य दुप्पट झालं. सहा छिद्रांच्या बासरीत वरची तीन बोटांनी बंद केली की षड्ज. दोन बंद, रिषभ. एकच बंद, शुद्ध गंधार. सगळी उघडी, तीव्र मध्यम. उलट सहाही बंद केली तर खालचा पंचम, त्यातलं शेवटचं उघडलं की शुद्ध धैवत, त्याच्या वरचंही उघडलं की शुद्ध निषाद. लक्षात आलं? बोटं पुरती झाकली-उघडली तर या नळीतून यमनाचे सूर निघतात. बाकी सगळं अर्ध्या बोटाचं काम. आता दरबारी घ्या: गंधार कोमल, धैवत कोमल, निषाद कोमल, मध्यम शुद्ध. चारही सूर अर्ध्या छिद्राचे! बोटाचं पेर छिद्रावर किती सरकवायचं, किती मिलिमीटर उघडं ठेवायचं, याची खूण कुठेच नाही. ती कानातच असावी लागते. त्यात कोमल गंधार नुसता लावून भागत नाही, तो आंदोलित ठेवायचा, म्हणजे अर्धवट झाकलेल्या छिद्रावर बोट सावकाश लोळवत राहायचं आणि त्याच वेळी श्वासाचा दाब तसूभर हलू द्यायचा नाही. हे मला कळल्यावर मी तेच ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं, आणि आता प्रत्येक गंधाराला माझंच बोट आवळत होतं.

कोण होता हा माणूस? जुलै 1911 मध्ये बारिसालला जन्मला. बारिसाल आज बांगलादेशात आहे, कीर्तनखोला नदीच्या काठी, नुसतं पाणीच पाणी असलेल्या मुलुखात. मूळ नाव अमलज्योती. आजोबा धृपद गाणारे, वडील अक्षयकुमार सतारिये. धाकटा भाऊ निखिल पुढे तबल्यातलं मोठं नाव झाला. पद्मभूषण निखिल घोष, मुंबईत संगीत महाभारतीची स्थापना करणारे, ते हेच. पन्नालाल घरात सतार शिकत होते. नदीत वाहत आलेली बासरी त्यांना लहानपणी सापडली अशी गोष्ट सांगतात. खरी असो नसो, मला ती आवडते. त्याहून आवडतं ते हे की पोरगा तालमीतला होता. मुष्टियुद्ध, लाठी, कसरत, सगळं केलेलं शरीर. बासरीवाला म्हटल्यावर डोळ्यांपुढे जो नाजूक, झुकलेला देह येतो, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. दरबारीतल्या त्या न तुटणाऱ्या फुंकेमागे लाठीकाठी खेळलेली छाती आहे!

विशीच्या आत ते कलकत्त्याला आले. तेव्हा सिनेमा मुका होता, पडद्यासमोर वादक बसून साथ करत, त्यात पन्नालालजीही वाजवत. मग न्यू थिएटर्समध्ये रायचंद बोराल यांच्याकडे काम. आणि याच काळात त्यांच्या डोक्यात एक प्रश्न घुसला, जो पुढे सगळं बदलून गेला: गवई गातो ते सगळं या नळीतून का येऊ नये? तेव्हाची बासरी लहान, आवाज वरच्या पट्टीचा. लोकसंगीताला छान, नाटका-सिनेमाला छान. तानपुऱ्यासमोर बसून विलंबित ख्याल मांडायला तिच्यात ना खर्ज होता ना दम.

मग त्यांनी स्वतःच वाद्य घडवायला घेतलं. खेळणी विकणारा एक म्हातारा मुसलमान कारागीर त्यांना भेटला, त्याला बासऱ्या करता येत, त्याच्याबरोबर हे प्रयोग झाले असं सांगतात. धातू करून पाहिला, वेगवेगळी लाकडं करून पाहिली, शेवटी बांबूच खरा ठरला. आणि लांबी? 32 इंच! काळी दोनच्या पट्टीची बासरी. टेप घेऊन एकदा 32 इंच मोजून पाहा. अडीच फुटांहून जास्त लांब नळी आडवी धरायची, एक टोक ओठांशी, दुसरं पार खांद्यापलीकडे, आणि छिद्रं इतकी दूर दूर की बोटं ताणून ताणूनच पोचायची. बोटांच्या टोकांनी भागत नाही, मधल्या सपाट भागाने छिद्रं झाकावी लागतात. आज एखादा बासरीवादक मैफिलीला बसतो आणि पिशवीतून ती लांबच लांब बासरी काढतो तेव्हा आपल्याला ती युगानुयुगे तशीच चालत आलेली वाटते. कृष्णापासून! पण मैफिलीतली मोठी बासरी शंभर वर्षांची देखील नाही. माझ्या आजीच्या तरुणपणी ती नुकती जन्मली होती. हे कळलं त्या दिवशी मला झोप लागली नाही.

आणि सातवं छिद्र! याच्याबद्दल मी कितीही बोलू शकते. वर म्हटलं तसं, बासरीला यमनाचे सूर सोपे. मग यमनात अडचण कुठे? मध्यम आणि पंचम यांच्यामध्ये. तीव्र मध्यमाला सगळी छिद्रं उघडी, आणि त्याला लागून असलेल्या पंचमाला सगळी बंद, वर फुंक बदलून. गळ्यात जे दोन सूर एकमेकांना चिकटून आहेत ते हातात दोन टोकांना. गवई तीव्र मध्यमावरून पंचमावर मींडेने अलगद चढतो. बासरीवाल्याला तिथे उडी मारावी लागते. पन्नालालजींनी खाली आणखी एक छिद्र पाडलं, उजव्या हाताच्या करंगळीसाठी. आता सातही बंद करून वरच्या सप्तकाच्या फुंकेने वाजवलं की तीव्र मध्यम, आणि करंगळी हळूहळू उचलत गेलं की तो न तुटता पंचमात मिसळतो. वर मंद्र पंचमाच्या खालचा तीव्र मध्यमही हाती लागला, जो सहा छिद्रांत नव्हताच. एका छिद्राने एवढं! त्यांचा यमन ऐका, मध्यम-पंचमाच्या त्या जागेवर कान ठेवून ऐका. नंतर श्री ऐका. तिथेही तीव्र मध्यमावरून पंचमाला जाताना सांधा कुठे आहे ते सापडत नाही. आणि मंद्रात याहून खोल जायचं झालं तर ते आणखी लांब अशी दुसरी बासरी उचलत. दरबारीत जो पाताळातून आल्यासारखा आवाज मघाशी म्हटला, तो त्यातूनच येतो.

1938 मध्ये सराईकेला संस्थानच्या छाऊ नृत्यपथकाबरोबर संगीताची बाजू सांभाळत ते युरोपभर हिंडून आले. 1940 मध्ये मुंबई.

मुंबईतला हा भाग मराठी वाचकाला फार जवळचा वाटेल, कारण जुन्या हिंदी सिनेमाचं वेड असलेला एक तरी काका प्रत्येक घरात असतो. पन्नालालजी इथे संगीतकार झाले: ‘स्नेहबंधन’ 1940 सालचा, मग ‘अंजान’, मग 1942 चा बॉम्बे टॉकीजचा ‘बसंत’, ज्यात छोटी मधुबाला बेबी मुमताज या नावाने पहिल्यांदा पडद्यावर दिसली. ‘बसंत’च्या श्रेयनामावलीत संगीतकार म्हणून पन्नालाल घोष यांचं नाव, चाली मात्र अनिल विश्वास यांच्या, ते दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध होते म्हणून नाव लावता आलं नाही, असं अनिलदांनीच पुढे सांगितलं. हे ऐकून पन्नालालजींचं मोल माझ्या लेखी तिळभर कमी होत नाही. घरातलीच ही देवाणघेवाण. अनिल विश्वास त्यांचे मेव्हणे, तेही बारिसालचेच. आणि अनिलदांची बहीण पारुल ही पन्नालालजींची पत्नी. पारुल घोष! ‘किस्मत’मधलं पपीह्याला निरोप सांगणारं गाणं जिने गायलं तीच. एका नदीकाठच्या गावातून निघालेली ही तीन माणसं 1940 च्या दशकात मुंबईच्या सिनेसंगीताच्या मधोमध उभी होती.

1951 च्या ‘आंदोलन’लाही त्यांचं संगीत आहे. पण संगीतकार म्हणून असलेल्या यादीपेक्षा मला जास्त ओढ लागली आहे ती दुसऱ्यांच्या गाण्यांत त्यांची फुंक ओळखण्याची. ‘बसंत बहार’ घ्या. भीमसेनजी आणि मन्ना डे यांच्या जुगलबंदीमुळे आपण तो सिनेमा लक्षात ठेवला. त्याच सिनेमात लताबाईंचं एक गाणं आहे, नायिकेचं समर्पणाचं, आणि त्यात बासरी पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांच्या आवाजाशी बोलत राहते. ते पन्नालालजी! रेडिओवर शेकडो वेळा कानावर पडलेलं गाणं, आणि बासरी कोण वाजवतंय हा प्रश्न कधी मनात आला नव्हता. आता लताबाईंची ओळ संपते तिथे मी श्वास रोखून थांबते. दोन ओळींमधल्या चिमूटभर जागेतही तो माणूस सूर पुरता लावल्याशिवाय सोडत नाही.

आणि आता मला सगळ्यात जास्त हलवून गेलेली गोष्ट. साल 1947. पन्नालालजी पस्तिशी ओलांडलेले. देशभर नाव झालेलं, रेडिओवर कार्यक्रम, सिनेमात काम, बासरी म्हणजे पन्नालाल असं समीकरण. आधी अमृतसरचे हार्मोनियमवादक खुशी मोहम्मद खाँ यांच्याकडे तालीम झालेली, मग गिरिजाशंकर चक्रवर्तींकडे. एवढं असताना हा माणूस उठतो आणि मैहरला बाबा अल्लाउद्दीन खाँ यांच्यापुढे विद्यार्थी म्हणून बसतो. बाबांचा दरारा सगळ्यांना ठाऊक. अली अकबर, रविशंकर, अन्नपूर्णादेवी ज्यांच्या हाताखाली घडले, तिथे नावलौकिक दाराबाहेर ठेवूनच जावं लागे. आपलं वाद्य आपण घडवलं, त्याला रूप दिलं, त्याला श्रोते मिळवून दिले, आणि तरी गाणं अजून पुरतं हाती आलेलं नाही असं वाटून पुन्हा सा लावायला बसायचं! मला हे फार मोठं वाटतं. ख्यालाची विलंबित बढत, एकेक सूर घेऊन राग उलगडत नेण्याचा धीर, झुमऱ्यासारख्या तालात पसरून बसण्याची ऐट, या सगळ्यामागे हे शिकत राहणं ऐकू येतं.

रचनाकार म्हणूनही ते कुठे थांबले नाहीत. दीपावली, जयंत, चंद्रमौळी, नूपुरध्वनी, पंचवटी, कुमारी हे त्यांनी बांधलेले राग. यातला चंद्रमौळी मला सापडला आणि मी अधाशासारखा ऐकला. 1956 मध्ये ते दिल्लीला आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाचे संचालक झाले. आधी ही जबाबदारी रविशंकरांकडे होती, आणि नभोवाणी खातं तेव्हा आपल्या पुण्याच्या बाळकृष्ण केसकरांकडे. केसकर म्हटलं की रेडिओवरून सिनेगीतं बंद करणारा मंत्री एवढंच आपण आठवतो. त्यांच्याच कारकिर्दीत भारतीय वाद्यांचा मोठा ताफा घेऊन रागसंगीतात काय काय बांधता येईल याची ही प्रयोगशाळा भरभरून चालली, हेही आठवायला हवं. सतार, सरोद, सारंगी, बासरी, जलतरंग एकत्र. प्रत्येकाची मींड वेगळी, श्रुती वेगळी. पाश्चात्त्य धर्तीची हार्मनी आयती आणून चिकटवायची नाही आणि तरी चाळीसेक मिनिटं नव्हे, काही मिनिटांतच एक आख्खं चित्र उभं करायचं. ‘कलिंगविजय’, ‘ऋतुराज’, ‘हरियाली’, ‘ज्योतिर्मय अमिताभ’ या त्यांच्या तिथल्या रचना. अशोकाच्या युद्धावर वाद्यवृंद! एकट्या नळीत जो माणूस अख्खा दरबारी उभा करतो त्याच्या हाती एवढी वाद्यं आली तेव्हा त्याने काय केलं असेल, या कल्पनेनेच मला राहवत नाही.

20 एप्रिल 1960 रोजी दिल्लीत हृदयविकाराने ते गेले. वय अवघं 48. बासरीवर विलंबित ख्याल वाजू शकतो हे देशाला पटवून देण्यातच बराच काळ गेला. पटलेल्या देशाला ऐकवायला मिळाली ती मोजकी वर्षं.

पण त्यांचा बाज संपला नाही, आणि तो टिकला कुठे, तर मुंबई-पुण्यात! देवेंद्र मुर्डेश्वर, त्यांचे शिष्य आणि जावईही. व्ही. जी. कर्नाड. निरंजन हळदीपूर. आडनावं पाहा: कानडी किनाऱ्यावरची गावं एकेक करून हजर. बारिसालच्या माणसाची बासरी या किनाऱ्याच्या माणसांनी उचलली आणि मुंबईत सांभाळली. निरंजनजींचे चिरंजीव पंडित नित्यानंद हळदीपूर घरातून ती बासरी शिकले, मुर्डेश्वरांकडे शिकले, आणि पुढे अन्नपूर्णादेवींकडे गेले. हरिप्रसादजीही अन्नपूर्णादेवींचेच शिष्य, म्हणजे दोन वेगवेगळ्या वाटांनी निघालेली बासरी शेवटी मैहरच्या बाबांच्या लेकीच्या दारात येऊन मिळाली. पुण्यात पंडित केशव गिंडे यांनी हाच बाज आयुष्यभर वाजवला आणि शिकवला. नित्यानंदजींचं वादन ऐकताना मी आता आधी त्यांच्या करंगळीकडे बघते. ती उचलली जाते, मध्यमातून पंचम उमलतो, आणि मला पन्नालालजी तिथे बसलेले दिसतात.

सध्या माझा क्रम असा आहे: रात्री दरबारी, संध्याकाळी मारवा किंवा श्री, आणि मन फार भरून आलं की पिलूतली ठुमरी. पिलू तर असा की त्यात शब्द नाहीत हे लक्षातच येत नाही, मुखडा प्रत्येक वेळी नव्या आर्जवाने येतो. नव्याने ऐकणाऱ्याने मात्र पिलूपासून सुरुवात करावी असं मला वाटत नाही. ती फार लवकर प्रेमात पाडते. आधी यमन ऐका, पूर्ण, हेडफोन लावून, घरातले दिवे मालवून. ध्वनिमुद्रण जुनं आहे, खरखर आहे, मागचा तानपुरा मधूनच बुडतो. दोन मिनिटं कळ काढा, कान आपोआप खरखर बाजूला सारतो.

आता मला ‘कलिंगविजय’ आणि ‘ऋतुराज’ ऐकायचे आहेत, आणि जयंत, आणि कुमारी. आपल्याकडे गेल्या पिढीत स्पूलवर रेडिओ टिपून ठेवणारी वेडी माणसं घराघरात होती. दादरला, पार्ल्यात, सदाशिव पेठेत, बेळगावात. कुणाच्या माळ्यावर असा एखादा डबा असेल, वर आजोबांच्या अक्षरात ‘पन्नालाल’ एवढंच लिहिलेलं असेल, तर तो टाकून देऊ नका. कळवा. मी येते ऐकायला.